पन्नास वावांचे घड्याळ

विसाव्या शतकाच्या मध्यास पाणबुड्यांसाठी झालेली मनगटी घड्याळे आज हौशी माणसे लिलावांत मोठ्या चढाओढीने घेतात. या हौसेत इतिहास किती आणि हव्यास किती, याचा थोडा विचार आज आपण करू.

ही घड्याळे निघाली ती गरजेपोटी. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी पाठीवर वाहण्याचे श्वसनयंत्र सिद्ध केले. वरून येणाऱ्या नळीच्या बंधनातून पाणबुड्या सुटला खरा. परंतु त्याच्यापाशी हवा मोजकी होती. किती मिनिटे उलटली हे न कळणे म्हणजे प्राणाशी गाठ! फ्रेंच लष्करी पाणबुड्यांची तुकडी उभारणारे कॅप्टन रोबेर मालूबिए व क्लोद रिफो यांना बाजारातील घड्याळे उपयोगी पडेनात. स्वित्झर्लंडातील ब्लांपां कारखान्याचे प्रमुख झां-झाक फिश्तेर हे स्वतः पाणबुडे. तेही याच विवंचनेत होते. त्यातून १९५३ साली ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ निघाले. फॅदम म्हणजे आपल्या दर्यावर्दी लोकांचा वाव, दोन्ही हात पसरून मोजलेली सहा फूट दोरी. पन्नास वाव म्हणजे तीनशे फूट, सुमारे ९१ मीटर. पुढच्याच वर्षी रोलेक्सचे ‘सबमरीनर’ बाझेलच्या प्रदर्शनात मांडले गेले.

त्यांची घडण साधी होती. काळी तबकडी, ठळक खुणा, अंधारात उजळणारे काटे, आणि भोवती फिरते कडे. बुडी मारण्यापूर्वी कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणावयाची; पुढे काटा कड्यावर जितका सरकेल तितकी मिनिटे गेली. कडे चुकून फिरले तर हिशेब बिघडणार. म्हणून फिश्तेर यांनी ते दाबल्यावाचून फिरू नये अशी योजना केली.

आता त्या उजेडाकडे वळू. पहिल्या काळात तो रेडियममुळे मिळे. अमेरिकेत तबकड्या रंगविणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी साधत. त्यांचे जबडे झडले, कित्येक प्राणास मुकल्या, हे १९२० च्या दशकातच उघड झाले होते. तरीही रेडियम जाऊन सौम्य ट्रिटियम सर्वत्र रूढ व्हावयास १९६० चे दशक उजाडले. जुनी घड्याळे दुरुस्तीस आली की पुष्कळदा रेडियमची तबकडी काढून नवी बसवीत.

येथे संग्राहकाची अडचण सुरू होते. त्याला हवी असते मूळ तबकडी. बदललेली दिसली की तो नाक मुरडतो आणि घड्याळाची किंमत उतरते. आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांनीही अस्सल कागदाचा असाच आग्रह धरला आणि तो योग्यच होता. पण अस्सल म्हणजे अस्पर्श, असे त्यांनी मानले नाही. कागदावरचा मागाहूनचा शेराही ते पुरावा म्हणूनच वाचतात. बदललेली तबकडी हा असाच एक शेरा आहे. घड्याळ कामावर होते, ते कोणाच्या तरी मनगटावर होते आणि त्या माणसाच्या जिवाची कोणी काळजी केली, इतके ती सांगते. मात्र बदल लपवून मूळ म्हणून विकणे ही शुद्ध लबाडी होय.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. रेडियमच्या रंगातील चमकणारा पदार्थ काही वर्षांत थकतो. रेडियम मात्र अर्धे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणजे विझलेली तबकडी निर्धोक नसते. असे घड्याळ घरी उघडू नये, त्याचा रंग खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

१९६९ साली जपानच्या सेकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. पुढे पाणबुड्यांच्या हाती खोली व वेळ दोन्ही सांगणारी विद्युत्‌-यंत्रे आली. जुन्या घड्याळांचे काम संपले. ती जतन करणाऱ्यांचे आपण आभारच मानू. त्यांनी घड्याळाबरोबर त्याची हकीकतही, दुरुस्तीच्या पावतीसह, जपून ठेवावी एवढीच आमची विनंती आहे.