न्यूफाउंडलंडचा कॉड : दोन आकड्यांची गोष्ट

आज लढायांचा इतिहास बाजूला ठेवू आणि एका माशाचा इतिहास पाहू.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड हे मोठे बेट आहे. १४९७ मध्ये जॉन कॅबट त्या भागातून परतला, तेव्हा बातमी पसरली की तिथे नुसती टोपली पाण्यात सोडली तरी कॉड मासा मिळतो. पुढची पाचेकशे वर्षे त्या किनाऱ्यावरची गावेच्या गावे या एका माशावर जगली. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सलीसारख्या शास्त्रज्ञाने मत दिले की कॉडसारखी मासळी बहुधा अक्षय आहे. त्या काळच्या गळ-जाळ्यांकडे पाहिले, तर हे पटण्यासारखेच होते.

१९५० नंतर मासळी जहाजावरच गोठवणारे प्रचंड ट्रॉलर आले. १९६८ या एका वर्षात इथून आठ लाख टनांच्या आसपास कॉड उपसला गेला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत आपला हक्क जाहीर केला. परदेशी जहाजे बरीचशी हटली, पण त्यांची जागा देशी ट्रॉलरनी घेतली.

आता मुख्य मुद्दा. समुद्रात मासे किती, हे सरकारी शास्त्रज्ञ दोन वाटांनी काढत. संशोधन जहाज आधी ठरवलेल्या ठिकाणी जाळे टाकी, मग तिथे मासे असोत वा नसोत. दुसरी वाट म्हणजे व्यापारी ट्रॉलरला तासाला किती मासे मिळाले, याच्या नोंदी. १९८० च्या दशकात ट्रॉलरचे आकडे चढत राहिले. संशोधन जहाजाचे तसे चढेनात. अंदाज बांधताना दोन्ही आकडे धरले गेले.

लष्करात आम्ही कोणतीही खबर आली की आधी विचारतो : ही देणारा कुठे उभा होता? ट्रॉलर मासे असतील तिथेच उभा असतो. कॉड कमी झाला की उरलेला थव्याने एकत्र येतो, आणि यंत्रे तो थवा हुडकून काढतात. समुद्र रिता होत असतानाही जाळे भरलेलेच निघते.

छोट्या होड्यांचे मच्छीमार मात्र सांगत होते की किनाऱ्याला येणारा कॉड कमी झाला आहे आणि आकारानेही लहान आहे. १९८६ मध्ये त्यांच्या संघटनेने जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी हिशेब तपासून घेतला. तो फुगलेला निघाला. पुढे सरकारी शास्त्रज्ञांनीही ते मान्य केले आणि १९८९ साठी सव्वा लाख टनांची मर्यादा सुचवली. कारखाने आणि रोजगार डोळ्यांसमोर ठेवून सरकारने ती २ लाख ३५ हजार टन ठरवली.

२ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडची मासेमारी बंद केली. सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. त्या वर्षांत थंड झालेल्या पाण्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. अतिमासेमारीचा वाटा मोठा होता, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

बंदी दोन वर्षांची म्हणून आली आणि २०२४ पर्यंत राहिली. ती उठली तेव्हा वर्षाची मर्यादा होती १८ हजार टन. १९६८ च्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा. शास्त्र तिथे होते, इशाराही वेळेवर मिळाला होता. गावांनी किंमत मोजली ती सोयीचा आकडा खरा धरल्याची.