शेजारी निवडून घेण्याचा इतिहास

रमजान ईदला आमच्या गेवराईच्या गल्लीत शीरखुर्म्याचे डबे दारोदार जातात. दिवाळीत त्याच घरांतून फराळ येतो. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढाच नियम. पुण्यात मोठ्या गृहसंकुलात राहायला गेलेल्या माझ्या एका नातेवाइकाने पहिल्या ईदला डबे भरले आणि तसेच ठेवले. मजल्यावर चार दारं, ओळख एकाशीही नाही. हा फ्लॅट मिळण्याआधी दोन ठिकाणी नाव ऐकून 'सोसायटीत चालत नाही' असं उत्तर त्यांना मिळालं होतं.

आलिशान इमारतींचे तोटे म्हणून आपण मेन्टेनन्स, टँकरचं पाणी, बंद पडणारी लिफ्ट यांबद्दल बोलतो. मला मोठा तोटा शेजारी निवडून घेण्याच्या सवयीचा वाटतो. ही सवय जुनी आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्या हटवून नव्या वसवण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथून मानली जाते. कानडा भागातून आलेल्या नोकरदार चित्रापूर सारस्वतांना घरं हवी होती. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी पुढाकार घेतला. सहकाराला विश्वास लागतो आणि विश्वास ओळखीच्या माणसांत लवकर बसतो. म्हणून संस्था एका समाजाची झाली. खोजा, मेमन जमातींनीही आपापल्या लोकांसाठी वसाहती बांधल्या. तेव्हा दोष एकट्या कुणाचा नाही.

पण घर नसलेल्यांचा हा आधार पुढे घर असलेल्यांची भिंत झाला. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व फक्त पारशांपुरतं ठेवलं होतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य हा त्यामागचा एक आधार होता.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याचं कलम २३ सांगतं, की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. नकाराविरुद्ध निबंधकाकडे अपील करता येतं. हे आपल्याला माहीत हवं. अडचण अशी, की आज नकार कागदावर येतच नाही. दलाल फोन उचलत नाही, मालकाचा विचार बदलतो. अपील कशाविरुद्ध करणार?

नाकारलेला माणूस मग आपल्याच लोकांची इमारत शोधतो, आणि दोन्हीकडची मुलं एकाच तऱ्हेची माणसं पाहत मोठी होतात.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दू मला घरातून मिळाली. मराठी मात्र पुस्तकाआधी शेजारच्या ओसरीवर मिळाली, तिथल्या आजीच्या गोष्टींतून आणि तिने काढलेल्या चुकांतून. पुण्यातला माझा भाचा सहा वर्षांचा आहे. त्याच्या मजल्यावरची उरलेली तीन दारं त्याने अजून वाजवलेली नाहीत. येत्या ईदला डबे त्याच्याच हातात द्या, असं मी त्याच्या आईला सांगितलं आहे.