धातु-सेंद्रिय चौकटी : पोकळी घडवणारा रेणू

रसायनशास्त्राचे २०२५ चे नोबेल पारितोषिक सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना धातु-सेंद्रिय चौकटींच्या संशोधनासाठी देण्यात आले. धातूचे आयन किंवा त्यांचे पुंजके हे या चौकटीचे सांधे, तर त्यांना जोडणारे कार्बनयुक्त रेणू, म्हणजे लिगंड, हे तिचे वासे होत. मधल्या पोकळीत वायू किंवा पाणी सामावते. ही पोकळी केवढी असावी आणि तिने काय धरून ठेवावे, हे बव्हंशी लिगंडच्या निवडीवर अवलंबून असते.

पहिली बाब आकाराची. रॉबसन यांनी १९८९ मध्ये चार भुजांचा रेणू तांब्याच्या आयनांशी जोडून हिऱ्यासारखी, परंतु प्रशस्त पोकळ्यांची जाळी मिळवली. ती रचना मात्र नाजूक होती.

दुसरी बाब लांबीची. याघी यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या एमओएफ-५ मध्ये जस्ताचे पुंजके टेरेप्थॅलिक आम्लाने जोडलेले आहेत. प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी वापरले जाते तेच हे आम्ल. २००२ मध्ये त्यांच्या गटाने मांडणी तीच ठेवून केवळ लिगंड बदलले आणि १६ चौकटी तयार केल्या. त्यांतील पोकळ्यांचा व्यास ०.३८ पासून २.८८ नॅनोमीटरपर्यंत होता. मात्र वासा लांबला की एका चौकटीच्या पोकळीत दुसरी चौकट वाढते आणि जागा अडते. हे टाळण्यासाठी विरल द्रावणाचा उपाय योजला गेला.

लिगंड आणि धातू यांच्यातील बंधही तितकाच महत्त्वाचा. दमट हवेत एमओएफ-५ ढासळते. तेच आम्ल झिर्कोनियमशी जोडून ऑस्लो विद्यापीठात २००८ मध्ये घडवलेली यूआयओ-६६ ही चौकट पाण्यातही टिकते.

तिसरी बाब लिगंडवरील रासायनिक गटांची. ॲल्युमिनियमच्या एमओएफ-३०३ मध्ये पायराझोल वलयाचे लिगंड असतात. त्यातील नायट्रोजन-हायड्रोजन गट पाण्याचे रेणू धरतात. या चौकटीने मोहावीच्या वाळवंटातील कोरड्या हवेतूनही पाणी मिळवून दिले. पुढे काही पायराझोल लिगंडच्या जागी फ्युरानचे लिगंड घातल्यावर पकड सैल झाली आणि पाणी सोडवण्यास लागणारी उष्णता कमी झाली.

पकड घट्ट असेल तर इंधन अधिक लागते. ती फार सैल असेल तर कोरड्या हवेतले पाणी हाती लागत नाही. या दोहोंमधला समतोल साधणे, हेच लिगंड-रचनेचे खरे कौशल्य होय.