पंचांग हरवलेला यात्रेकरू : बीदरमधील अफनासी निकितीन

बीदर शहरातील महमूद गावानचा मदरसा १४७२ साली बांधला गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे झालेल्या स्फोटात त्याचा बराच भाग ढासळला. तथापि उरलेल्या मनोऱ्यावरील रंगीत फरशांचे तुकडे पाहिले म्हणजे मूळच्या वैभवाची कल्पना येते. उदगीर-भालकीकडून बीदरला जाणे आपल्यापैकी पुष्कळांना घडत असेल, आणि या वास्तूसमोर आपण थांबतही असू. परंतु तिच्या उभारणीच्या सुमारास याच शहरात एक रशियन ख्रिस्ती व्यापारी राहत होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव येते ते बहमनी राज्याचा एक प्रत्यक्षदर्शी म्हणून. मला तो अन्य कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याजवळ धर्मगुरू नाही, ख्रिस्तयाग नाही, पुस्तक नाही, आणि आज वार कोणता हेही ज्यास ठाऊक नाही, त्याचा विश्वास कशाच्या आधाराने टिकतो, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राच्या वर्गांत क्वचितच विचारला जातो. अफनासी निकितीन या माणसाला तो बीदरमध्ये रोज पडत होता.

निकितीन हा व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहरचा. त्याची टिपणे ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या नावाने ओळखली जातात. तीन समुद्र म्हणजे कास्पियन, आपला हिंदी महासागर आणि काळा समुद्र. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियन इतिहासकार करमझीन यांस ही टिपणे जुन्या हस्तलिखितात सापडली, १८२१ साली ती छापली गेली आणि १८५७ साली लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पूर्वीचे अभ्यासक त्याचा प्रवास १४६६ ते १४७२ असा मांडीत. अलीकडे तो १४६८ ते १४७५ च्या दरम्यानचा, आणि त्यातील हिंदुस्थानचा मुक्काम १४७१ ते १४७४ असा मानण्याकडे पुष्कळांचा कल आहे. हा नवा कालनिर्णय कशावरून झाला ते पाहण्यासारखे आहे. आपला पुनरुत्थानाचा सण मुसलमानांच्या कोणत्या सणाच्या किती दिवस आधी आला असावा, याचे निकितीनने जे अंदाज बांधले, त्यांचा या निर्णयाला मोठा आधार आहे. बिचाऱ्याचा गोंधळ इतिहासकारांच्या असा उपयोगी पडला.

त्याला साहसी प्रवासी म्हणून गौरविले जाते. परंतु हे साहस त्याने हौसेने पत्करलेले नव्हते. शिरवानच्या राजाचा वकील हसनबेग मॉस्कोहून परत निघाला होता. त्याच्या सोबतीने कास्पियन किनाऱ्यापर्यंत व्यापार करावा, एवढाच बेत होता. आस्त्राखानपाशी तातारांनी लुटले. पुढे समुद्रात वादळ झाले, एक जहाज किनाऱ्यावर आपटले आणि त्यातील माणसे कैद झाली. शिरवानच्या राजाने कैदी सोडवून दिले, पण घरी परतण्यासाठी खर्च देण्याचे नाकारले. तेव्हा ज्यांचे रशियात काही शिल्लक होते ते परत गेले, आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले, असे तो लिहितो. स्वतः तो दर्बंद व बाकूच्या वाटेने इराणात उतरला. या लुटीत मालाबरोबर आणखी एक वस्तू गेली: घरून आणलेली धर्मपुस्तके. सण आणि उपवास कोणत्या दिवशी येतात हे त्यांवरूनच कळावयाचे. माल गेल्याचे दुःख तो दोन वाक्यांत उरकतो. पुस्तके गेल्याचे दुःख मात्र वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वर येते.

होर्मुझहून एक घोडा जहाजावर चढवून तो मस्कत, दीव, खंबायत असे करीत चौलला उतरला. दख्खनमध्ये चांगले घोडे निपजत नसल्याने अरबी-इराणी घोड्यांना येथे मोठी किंमत येई. (येथील लोक घोड्याला हरभरे आणि साखर घातलेली खिचडी चारतात, याचे त्याला फार नवल वाटले.) चौलहून पालीमार्गे घाट चढून तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाळा तेथेच काढला. आता त्याची कालगणना पाहा. पावसाळा लागला तो ‘त्रैक्याच्या सणापासून’. जुन्नरहून बीदरकडे निघाला तो पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या आळंद येथे शेख अलाउद्दीनच्या स्मरणार्थ भरणारी मोठी यात्रा त्याने पाहिली. तिचा काळ तो सांगतो पवित्र मरियेच्या छत्राच्या सणावरून, म्हणजे रशियन मंडळीच्या १ ऑक्टोबरच्या सणावरून. दर्ग्याच्या यात्रेची तिथी मरियेच्या सणाने मोजणारा दुसरा लेखक मला ठाऊक नाही. आपला घोडा त्याने बीदरमध्ये नाताळच्या सुमारास विकला. पहिल्या वर्षी तरी दख्खनचे पाऊसपाणी, पेरणी आणि बाजार हे सर्व त्याच्या मनात मंडळीच्या उपासनावर्षावर बेतलेले होते. पुस्तक गेले तरी पुस्तकाने घडविलेली सवय गेली नव्हती.

या घोड्यावरून जुन्नरला त्याची परीक्षा झाली. तेथील सुभेदार असदखान याने, हा मुसलमान नसून रशियन आहे असे समजताच घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा आणि वर एक हजार सुवर्णमुद्रा देतो, न बदललास तर घोडाही जाईल आणि हजार मुद्रांचा दंडही भरावा लागेल, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. त्या मुदतीत तारणाऱ्याचा सण आला, आणि त्याच्या पूर्वसंध्येस मोहंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ गावात आला. निकितीनने त्याचे पाय धरले. त्याने खानाकडे शब्द टाकून त्याची सुटका केली आणि घोडा परत मिळवून दिला. निकितीन याला प्रभूचा चमत्कार म्हणतो. तो चमत्कार एका मुसलमानाच्या हातून घडला, हे तो लपवीत नाही. प्रवचनात ही गोष्ट सांगणाऱ्यांनी तिचा हा अर्धा भाग गाळू नये.

बीदरच्या राजवैभवाचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. वीस वर्षांचा सुलतान, सत्ता चालविणारे खुरासानी सरदार, आणि ‘मलिकुत्तुज्जार’ ही पदवी धारण करणारा महमूद गावान. राजवाड्याचे सात दरवाजे, दर दरवाजाशी शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू कारकून. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होई. याच लेखात, खेड्यांतील माणूस अतिशय दरिद्री आणि सरदार अतिशय धनवान असल्याचे तो नमूद करतो. आपल्या मायभूमीलाही तो सोडीत नाही. रशियासारखी भूमी जगात नाही म्हणतो, आणि तेथील सरदार अन्यायी आहेत असेही लगोलग म्हणतो. मात्र हे वाक्य तुर्की भाषेत लिहितो.

येथील हिंदूंशी त्याचा स्नेह कसा जुळला, तेही मननीय आहे. बाजारात तो ‘ख्वाजा यूसुफ खुरासानी’ या नावाने वावरत होता. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत आणि आपले नाव अफनासी, असे त्याने हिंदू मित्रांना सांगितल्यावर त्यांनी जेवणखाण, व्यवहार, पूजाअर्चा यांपैकी काहीच त्याच्यापासून लपविले नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेस गेला. त्या स्थानाला तो हिंदूंचे यरुशलेम म्हणतो, आणि तेथील मूर्तीचा उंचावलेला हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन सम्राटाचा पुतळा आठवतो. परक्याची पूजा समजून घेताना त्याने आपल्या घरचीच मापे वापरली. पण हेटाळणीचा सूर त्यात जवळजवळ नाही. त्याच्यामागून पंचवीस वर्षांच्या आत पोर्तुगीज जहाजे याच समुद्रात आली, त्यांच्याबरोबर धर्मगुरू होते आणि तोफाही होत्या. निकितीनपाशी दोन्ही नव्हते.

श्रीशैलहून परतल्यावर मात्र त्याची गणना पुरती कोलमडली. नाताळ केव्हा, पुनरुत्थानाचा सण केव्हा, बुधवार-शुक्रवारचे उपवास केव्हा, काहीच कळेना. मुसलमानांच्या मोठ्या सणाच्या नऊ-दहा दिवस आधी आपला सण येत असावा, असा त्याने तर्क केला. त्यांचा उपवासाचा महिना लागला तेव्हा त्यांच्याबरोबर त्यानेही उपवास धरला. मांस आणि उपवासात वर्ज्य असलेले सर्व पदार्थ सोडून तो दिवसातून दोन वेळा भाकरी व पाणी घेई, आणि आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवाखेरीज अन्य कोणाचे नाव घेत नसे. उपवास त्यांच्याबरोबरच सोडून त्याने आपला पुनरुत्थानाचा सण पाळला तो कलबुर्गीत. बीदरमध्ये सणाच्या रात्री त्याने आकाश न्याहाळल्याचीही नोंद आहे: कृत्तिका व मृग पहाटेच्या उजेडात शिरले होते आणि सप्तर्षीचे डोके पूर्वेकडे होते. सण नेमका कोणत्या रात्री, याचा आधार आता फक्त आकाशात उरला होता.

बीदरमध्येच मलिक नावाच्या एका मुसलमानाने त्याला छेडले की, तू मुसलमान तर दिसत नाहीस, आणि ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक नाही. हा घाव जिव्हारी लागला. आपण खऱ्या वाटेवरून भरकटलो आणि दुसरी वाट ठाऊक नाही, असा आक्रोश त्यानंतर येतो. बाबेलच्या नद्यांकाठी वीणा टांगून ठेवणाऱ्यांचे स्तोत्र आपण शांत मनाने वाचून दाखवितो. हे पान वाचल्यावर तसे वाचणे मला कठीण जाते.

येथे अभ्यासकांत मोठा वाद आहे. टिपणांच्या आरंभी प्रभू येशूचे नाव आहे. शेवटी मात्र अरबी प्रार्थना आहे, देवाच्या गुणनामांची मालिका आहे आणि येशूचा उल्लेख ‘ईसा रूहुल्ला’ असा, मुसलमानी परिभाषेत, आहे. यावरून तो अखेरीस मुसलमान झाला, असे काही विद्वानांनी मांडले आहे. इतरांनी ते खोडून काढले आहे. माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. जुन्नरला हजार मुद्रा नाकारणारा, आणि शेवटपर्यंत ‘बंधू ख्रिस्ती जनहो’ म्हणून रशियन वाचकाला हाक मारणारा माणूस विश्वास टाकून गेला, हे पटत नाही. सहा वर्षे ज्या भाषांत तो बोलला, व्यापार केला, जीव वाचविला, त्याच भाषा त्याच्या प्रार्थनेतही शिरल्या, एवढे यातून निश्चित दिसते. तथापि योग्य विश्वास कोणता ते देव जाणतो, असेही त्याने लिहून ठेवले आहे, हे त्याच्या कैवाऱ्यांनी झाकून ठेवू नये.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील नामान आठवावा. रिम्मोनच्या मंदिरात राजाबरोबर मला वाकावे लागेल, परमेश्वराने एवढ्याची क्षमा करावी, असे तो म्हणतो. आणि अलीशा त्याला नियम सांगत नाही, शांतीने जा म्हणतो. निकितीनच्या काही दशके आधी व्हेनिसचा निकोलो दे कोंती हिंदुस्थानात येऊन गेला. बायकामुलांच्या जिवासाठी त्याने परतीच्या वाटेवर धर्म बदलला होता. पोप चौथे युजीन यांनी त्याला क्षमा केली आणि प्रायश्चित्त म्हणून पोज्जो ब्राच्चोलिनी या सचिवापुढे प्रवासाची सर्व हकीकत कथन करावयास लावले, अशी परंपरा आहे. चुकलेल्याला बोलू देणे हेच त्याचे प्रायश्चित्त ठरले.

निकितीन दाभोळहून जहाजाने निघाला. वाऱ्याने जहाज हबशी किनाऱ्याकडे वाहून नेले; तेथून मस्कतला आल्यावर सहावा पुनरुत्थान सण त्याने तेथे पाळला. हे वाचले की मला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आठवतो. तो मस्कतला ये-जा करणाऱ्या मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. सुट्टीवर आला असता म्हणाला, “फादर, जहाजावर ड्यूटी कळते, रविवार कळत नाही.” मोबाइलवर ख्रिस्तयाग पाहत जा, असे मी त्याला सांगितले. उत्तर सोपे होते म्हणून दिले. मग तो ओशाळून म्हणाला की, शुक्रवारी मी मांस खात नाही, आजीने लावलेली सवय आहे. तेवढ्यावरून आठवडा धरून ठेवतो. त्याला रविवार कळत नव्हता, पण आजीचा शुक्रवार कळत होता. धर्मशिक्षणाच्या आमच्या पुस्तकांत त्या शुक्रवाराला अर्धे पान आहे आणि मीही ते वर्गात घाईने उलटीत आलो आहे.

होर्मुझ, तब्रीझ, उझून हसनची छावणी, त्रेबिझोंद असा निकितीनचा परतीचा मार्ग होता. त्रेबिझोंदला झडतीच्या नावाखाली त्याचा उरलासुरला माल काढून घेण्यात आला. काळा समुद्र ओलांडून तो काफा येथे ख्रिस्ती लोकांत पोहोचला, पण त्वेर त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच त्याला मरण आले. त्याच्या हातची टिपणे व्यापाऱ्यांनी मॉस्कोला आणून राजदरबारचा सचिव वासिली मामिरेव याच्याकडे दिली. १४७५ साली ती इतिवृत्तकाराच्या हाती आली आणि त्याने ती शेवटच्या अरबी प्रार्थनेसह उतरवून घेतली.