छोटीला गाडी लागते

दिवाळीत अमरावतीला गेलो तेव्हा मोठ्या बाबांची जीप सुरू करून पाहिली. सुरू झाली की हो! फक्त बॉनेटखालून एक टिक्-टिक् आवाज यायचा आणि इंजिन तापलं की आपोआप बंद व्हायचा. तापल्यावर बंद होतो म्हणजे काळजीचं कारण नाही, असं मी ठरवून टाकलं. ते साफ चुकीचं होतं, पण ते पुढे सांगतो.

आधी जीपविषयी. युद्धानंतर इंग्लंडात 'किट कार' हा प्रकार फोफावला. तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांच्या गाडीला तो चुकवता येई. म्हणून हौशी लोक गाडी खोक्यांतून घरी आणायचे आणि अंगणात जोडायचे. कॉलिन चॅपमनची 1957 ची लोटस सेव्हन ही त्यातली फार नावाजलेली. जोडणीच्या सूचना दिल्या तर करसवलत जाते, म्हणून चॅपमनने गाडी 'खोलायच्या' सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचायच्या, असा किस्सा सांगतात. अशा गाड्यांची धुराची नळी पुष्कळदा बाजूनेच निघते. दिसायला झकास, पण माणसांच्या फार जवळ. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने त्याच घाटाची रोडस्टर बनवली, अँबेसेडरमधलं इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन घालून.

वऱ्हाडात कुठली आलीय रोडस्टर! आमची किट कार म्हणजे जीप. 1940च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी विलिजच्या जीपा सुट्या भागांत आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली. पुढे भाग इथेच बनू लागले, पण सुटं आणून जोडायची सवय जीपसोबत गावोगाव गेली. मोठ्या बाबांची सीजे-3बी 1968 ची. हिची खूण म्हणजे उंच बॉनेट. इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, इंजिन उंच झालं, म्हणून विलिजने 1953 मध्ये बॉनेटच वर उचलून दिलं. आमच्या जीपचं मात्र बॉनेट सोडलं तर काय मूळचं आणि काय अकोल्याचं, हे सांगणं अवघड आहे. गिअरबॉक्स दुसऱ्या जीपचा, सीट एका टॅक्सीच्या. पुढे आसपासच्या बहुतेक जीपांत डिझेल इंजिन बसली, ही पेट्रोलचीच राहिली.

1979च्या सुमारास शेतात दगडावर आपटून सायलेन्सर फुटला. मोठ्या बाबांनी अकोल्याच्या एका मिस्त्रींकडून सरळसोट नळी घडवून घेतली. मॅनिफोल्डपासून खाली, डाव्या पायदानाखालून आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर. मध्ये नावापुरतं बुधलं. आवाज असा भारदस्त, की बडनेऱ्याचं फाटक ओलांडलं की घरी चहाचं आधण ठेवावं, असं मोठी आई म्हणायची.

या जीपने आम्ही दर हिवाळ्यात अकोल्याला आत्याकडे जायचो. पहाटे निघायचं. ताडपत्रीचं हूड, बाजूचे पडदे घट्ट बांधलेले. धाकटी बहीण, जिला आम्ही अजून छोटीच म्हणतो, तिला आई पुढे पायांजवळ बसवायची, कारण तिथे इंजिनाची ऊब यायची. कुरूम येईस्तोवर छोटीचं डोकं दुखायला लागे. मूर्तिजापूरला उलटी. मग बाबांची चिडचिड. एसटीने गेलो की तिला काही होत नसे, तेव्हा आई म्हणायची, लिंबाचा गुण. हा शिक्का इतका पक्का बसला की आठवीत चिखलदऱ्याच्या सहलीला तिला पाठवलंच नाही. गाडी लागते ना तिला!

असो. यंदा जीप अकोल्याला त्याच मिस्त्रींकडे नेली. वय सत्तरीपार, हात स्थिर. त्यांनी थंड इंजिन सुरू करायला लावलं, ओल्या चिंधीने नळीचं तोंड दाबलं आणि कान लावला. नळी धड असेल तर इंजिनाचा जीव गुदमरला पाहिजे. आमचं मजेत चालू राहिलं, म्हणजे धुराला दुसरी वाट होती. मॅनिफोल्डला नळी जिथे जोडते, तिथल्या फ्लँजभोवती काजळीचा काळा पंखा उमटला होता. आतलं गॅसकेट अर्धं जळून गेलेलं. तापल्यावर लोखंड फुगतं, फट थोडी आवळते आणि आवाज थांबतो. गळती नाही थांबत.

मी म्हटलं, नवं गॅसकेट टाका, नट आवळा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, नयी ओढून नोको बसवू. इंजीन हालतेच. नयी त्याच्या संगं हाल्ली पाह्यजे."

मग गणित उमगलं. दोन मीटर लोखंडी नळी 300 अंशांनी तापली की सुमारे 7 मिलिमीटर लांबते. इंजिन रबरांवर डुलतं, चासी जागची हलत नाही, आणि दोघांमधला सगळा ताण त्या एका जोडावर येतो. आमच्या इंजिनाखालची रबरं बसली होती, इंजिन एका अंगाला कललं होतं आणि वाकडी नळी पट्टीने चासीला जखडलेली. अशात शंभर गॅसकेटं टाका, जळणारच. त्यांनी आधी इंजिन सरळ केलं. फ्लँज घासून सपाट केली. नळी रबरी टांगण्यांवर सैल अडकवली, इंजिन हलवून तिला आपली जागा घेऊ दिली आणि मग पुढून मागे, थोडं थोडं करत नट आवळले. दुपार गेली त्यात. शेवटी नळीचं तोंड मागच्या चाकाच्या पुढून काढून पार मागे नेलं.

मी मात्र त्या काजळीकडेच बघत होतो. पंख्याचा रोख पेडलच्या भोकांकडे होता. म्हणजे छोटीच्या जागेकडे. ती ऊब इंजिनाची नव्हती, नुसती इंजिनाची तरी नव्हती.

पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, उलटी ही त्याची लक्षणं. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने 1890च्या दशकात तो स्वतःवर प्रयोग करून अभ्यासला आणि खाणींत उंदीर, कॅनरी पक्षी न्यायला सुचवलं, कारण लहान जिवाला तो आधी लागतो. आमच्या जीपमधला सगळ्यांत लहान जीव छोटी होती.

परतीला रस्ता गुळगुळीत होता. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, तोच हा. त्याआधी याच रस्त्याने कितीक नळ्यांचे जोड उखडले असतील.

रात्री छोटीला फोन केला. ती आता पन्नाशीत, नागपूरला असते, स्वतः गाडी चालवते. सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही.

"आईले नोको सांगू," म्हणाली. मग विचारलं, "जीप आहे न अजून? चिखलदऱ्यापर्यंत जाईल का?"