‘ओके’ आणि आपलं ‘बरं’

पुढची पाच वाक्यं रोजच्या इंग्रजीतली आहेत. शब्द एकच, पण वाक्यागणिक त्याचा अर्थ पालटतो.

आर यू ओके?

ठेच लागून पडलेल्याला हात देत विचारायचा प्रश्न. इथे ओके म्हणजे धडधाकट. ‘बरा आहेस ना?’ हे त्याचं नेमकं मराठी.

द फूड वॉज ओके.

इथे शब्द खाली उतरला. जेवण वाईट नव्हतं, पण मुद्दाम नाव काढावं असंही नव्हतं. जन्मतः मात्र या शब्दाचा अर्थ होता ‘सगळं बिनचूक’. 23 मार्च 1839 रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो छापून आला. मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं लिहायची टूम तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांत होती. ‘ऑल’ला ओ आणि ‘करेक्ट’ला के लावून ही अक्षरजोडी निघाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन निवडणुकीला उभे राहिले. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून ते ‘ओल्ड किंडरहूक’; समर्थकांनी ओके हीच घोषणा केली. ते हरले, शब्द टिकला. ही कुळकथा अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने 1960च्या दशकात जुनी वृत्तपत्रं चाळून सिद्ध केली.

मला नवल वाटतं ते आपल्या ‘बरा’चं. तो संस्कृत ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ, यातून आला आणि असाच उतरला. ‘सिनेमा बरा होता’ ही आज शिफारस नव्हे. कोकणीने मात्र त्याचा जुना मान राखला आहे: गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, तेव्हा त्या ‘बरें’त काही उणं नसतं.

ओके, लेट्स स्टार्ट.

इथे अर्थ शोधू नये. शब्द फक्त बैठक हलवतो. मराठीत ‘बरं, करू या सुरुवात’. अनुवादित मालिकांमध्ये अशा प्रत्येक जागी ‘ठीक आहे’ ठोकून देतात, ते कानाला फार टोचतं. हाताशी ‘बरं’ असताना हे का व्हावं?

माय बॉस ओकेड इट.

मंजुरी दिली. इथे ‘बरं’ अपुरं पडतं. म्हणून आपण ‘करणे’ जोडून ‘साहेबांनी ओके केलं’ म्हणतो, आणि ते अस्सल मराठी वळण आहे.

ओके.

एकटा शब्द. इथे सगळी भिस्त सुरावर. माझी आई फोनवर ‘बऽरं’ असं लांबवते तेव्हा तिला पटलेलं नसतं. तुटक ‘बरं’ म्हणजे ठेवते आता. लिहिलेल्या संदेशात तो सूर जातो. परवा ‘यायला उशीर होईल’ असं मी कळवलं, तर उत्तर आलं नुसतं ‘ओके’. रागावली असेल म्हणून लगेच फोन केला. ती भाकऱ्या थापत होती. पिठाच्या बोटाने तेवढंच टाइप झालं होतं.