सेनाकचा फेरफार

१९१३च्या एप्रिल महिन्यात कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या फॉल्स क्रीक खाडीतून एक बार्ज निघाला. त्यावर स्क्वॉमिश या मूलनिवासी जमातीचे लोक होते आणि त्यांचं घरसामान. सेनाक हे त्यांचं गाव मागे राहिलं, आणि मग तिथली घरं जाळून टाकण्यात आली. ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक सरकारने कुटुंबप्रमुखामागे ११,२५० डॉलर देऊन जागा रिकामी करून घेतली होती. मूलनिवासींची राखीव जमीन केंद्र सरकारच्या देखरेखीखाली असते. तिचा असा परस्पर सौदा करण्याचा प्रांताला अधिकारच नव्हता. तरीही सौदा झाला, आणि गाव रिकामं झाल्यावर प्रांताने जागेचं पुढे फारसं काही केलंही नाही.

मी राहते ती गृहसहकारी संस्था या जागेपासून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इथे सगळे तिला कोऑप म्हणतात. जमीन व्हँकूव्हर महापालिकेची, आमच्याकडे साठ वर्षांच्या पट्ट्याने. माझे वडील पनवेल तालुक्यात तलाठी होते. कोणतीही जमीन दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: फेरफार काय सांगतो? आधी नाव कोणाचं होतं, ते कधी कमी झालं, कोणाच्या हुकमाने? इथे सातबारा नाही, तलाठीही नाही. पण न्यायालयांचे निकाल आहेत, नगर अभिलेखागार आहे. त्यांतून या काठाचा फेरफार जुळवत गेले.

सेनाकला देवदाराच्या फळ्यांची लांबच लांब घरं होती. आज जिथे ग्रॅनव्हिल आयलंडचा बाजार भरतो तिथे तेव्हा ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा दांडा होता, आणि त्यावर मासे अडवायचे बांध. ऑगस्ट जॅक खात्सालानो या गावातला. व्हँकूव्हरचे पहिले अभिलेखपाल मेजर मॅथ्यूज यांनी १९३२पासून वीसेक वर्षं त्याच्याशी बोलून गावाच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्याच्या आजोबांच्या नावावरूनच शेजारच्या उपनगराला किट्सिलानो म्हणतात. नाव ठेवून घेतलं, माणसं मात्र हलवली.

१८६९मध्ये वसाहत सरकारने इथले ३७ एकर गावासाठी राखले. १८७७मध्ये ते सुमारे ८० झाले. मग कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे आली आणि १८८६ व १९०२मध्ये रुळांसाठी दोन तुकडे घेऊन गेली. १९१३ला गाव उठलं. १९३२ला बरार्ड पूल उघडला, त्याच्यासाठीही जागा गेली. महायुद्धाच्या सुमारास लष्कर आलं, आणि चाळीसच्या दशकात उरलेली जमीनही हातची गेली. वडिलांच्या भाषेत, कब्जेदार सदरी मूळ नाव उरलं नाही.

आमच्या बाजूच्या काठावर तेव्हा लाकडाच्या वखारी, कारखाने आणि धूर होता. साठच्या दशकाच्या अखेरीस ही जमीन महापालिकेकडे आली. १९७२मध्ये महापौर आर्ट फिलिप्स यांचा गट निवडून आला आणि त्यांच्यातले भूगोलाचे प्राध्यापक वॉल्टर हार्डविक यांनी आग्रह धरला की जमीन विकायची नाही, पट्ट्याने द्यायची आणि त्यावर सगळ्या थरांतली माणसं वसवायची. एक तृतीयांश कमी उत्पन्नाची, एक तृतीयांश मध्यम, एक तृतीयांश वरची. १९७३मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण कायद्यात दुरुस्ती होऊन बिननफ्याच्या कोऑपना स्वस्त कर्ज मिळू लागलं होतं. त्या दोन गोष्टी जुळल्या म्हणून आमची वसाहत उभी राहिली. घर आमच्यापैकी कोणाच्याच मालकीचं नाही. दरमहा शुल्क भरायचं, सभेला मत द्यायचं, सोडून जाताना भागाची रक्कम परत घ्यायची. नफा नाही, म्हणून सट्टा नाही. माझ्या मजल्यावर बसचालक आहे, निवृत्त परिचारिका आहे. बाजारभावाने या शहरात त्यांना हा काठ परवडला नसता. या व्यवस्थेवर माझं मनापासून प्रेम आहे.

पण पट्ट्याचं सगळं तो कोण लिहितं यावर अवलंबून असतं. शहराच्या नैर्ऋत्येला मस्क्वियम जमातीची राखीव जमीन आहे. १९५७मध्ये तिथले १६२ एकर एका गोल्फ क्लबला देण्यासाठी जमातीने सरकारच्या स्वाधीन केले. सरकारी अधिकाऱ्यांनी सभेत सांगितलेल्या अटी एक, आणि १९५८ला करारात लिहिल्या दुसऱ्याच: ७५ वर्षांचा पट्टा, पहिली पंधरा वर्षं वर्षाला २९,००० डॉलर, पुढच्या वाढीला १५ टक्क्यांची वेसण. ज्यांची जमीन त्यांना त्या कराराची प्रत १९७०पर्यंत मिळाली नव्हती. डेल्बर्ट गेरिन आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार इथे विश्वस्तासारखं बांधील होतं आणि ते चुकलं. एक कोटी डॉलर भरपाई ठरली.

त्याच राखीव जमिनीवर १९६५मध्ये घरांसाठी ९९ वर्षांचे पट्टे दिले गेले. भाडं वर्षाला काही शेकडो डॉलर. १९९५ला फेरआकारणी आली आणि मागणी हजारोंत गेली, तेव्हा घरमालक हवालदिल झाले. २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनीची किंमत राखीव क्षेत्रातली म्हणून निम्मी धरली. त्या घरमालकांची भीती मला कळते, कारण तारीख ठरलेल्या घरात मीही राहते. पण तीस वर्षं तिथे शहराच्या मानाने नाममात्र दरात राहता आलं, त्या स्वस्ताईची किंमत मस्क्वियम लोक मोजत होते, हेही तितकंच खरं आहे.

हे वाचताना नवी मुंबईतलं वाशी आठवल्याशिवाय राहत नाही. माझं बालपण सिडकोच्या घरात गेलं, तीही जमीन साठ वर्षांच्या पट्ट्याची. १९७०मध्ये नवं शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांतल्या आगरी-कोळ्यांची शेतं आणि मिठागरं नव्या शहरात गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर उरणमध्ये गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना जमिनीचा वाटा परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. आम्हाला घर मिळालं, त्याचा आनंद आमच्या घरात खूप होता. वडील मात्र गावठाणातल्या लोकांशी बोलताना आवाज खाली आणत. ते त्यांचे फेरफार रोज हाताळत होते.

सेनाकचा फेरफार पुढे उलटा फिरला, म्हणून तो सांगायला हवा. १९७७मध्ये स्क्वॉमिश नेशनने दावा लावला. २०००मध्ये केंद्राशी ९२.५ दशलक्ष डॉलरची तडजोड झाली. रेल्वेला रुळांसाठी दिलेली जागा रुळांचं काम संपल्यावर मूळ मालकाकडे गेली पाहिजे, हे २००२ला अपील न्यायालयानेही मान्य केलं. साडेदहा एकरांचा तुकडा परत आला. मस्क्वियम आणि त्स्लेल-वॉटुथ या जमातींचाही या काठावर दावा होता. तो इथे टिकला नाही.

२०१९मध्ये स्क्वॉमिश जमातीच्या ८७ टक्के मतदारांनी कौल दिला: जमीन विकायची नाही, पट्ट्याने देऊन अकरा मनोरे बांधायचे, सुमारे ६,००० भाड्याची घरं. राखीव जमिनीला महापालिकेचे बांधकाम नियम लागू नाहीत. २०२२मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण महामंडळाने १.४ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. शेजारच्या रहिवासी संघटनेने जमातीने पालिकेबरोबर केलेल्या नागरी सेवांच्या कराराला आव्हान दिलं, ते २०२३मध्ये फेटाळलं गेलं.

आमच्या कोऑपमध्ये अनेकदा ऐकू येतं की ही घरं स्वस्त कुठे आहेत. बहुतेक बाजारभावाचीच आहेत, हे खरं. पण जमीन बेकायदा सौद्यात गमावलेल्यांनी ती परत मिळताच शहराला स्वस्तात द्यावी, अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते. स्वस्त घरांची जबाबदारी आधी सरकारी जमिनीवर आहे. आणि स्क्वॉमिश लोकांसाठी परवडणारी घरं बांधायला जमातीने २०१९मध्ये हियाम ही स्वतःची बिननफ्याची संस्था काढली आहे.

आमच्या वसाहतीचे पट्टे २०३६पासून संपू लागतील. नूतनीकरणाची बोलणी आहेत, उत्पन्नाच्या प्रमाणात शुल्क टिकावं हा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे. मी समितीला दोन कलमं सुचवली आहेत: नव्या पट्ट्याच्या पहिल्या पानावर या काठाच्या आधीच्या वहिवाटदारांची नोंद असावी, आणि पालिकेला जाणाऱ्या भुईभाड्यातला ठरावीक वाटा त्यांच्याकडे जावा. पहिल्याला सगळे तयार आहेत. दुसऱ्यावर चर्चा चालू आहे.